वानर, खडे आणि लोणी

संत्र्याच्या मंडीत माणसापेक्षा कॅरेटला ओळख जास्त लागते. माणूस हरवला तर चहाच्या टपरीवर सापडतो. कॅरेट हरवलं की ते पुढच्या हंगामात भेटतं, दुसऱ्याच्या बांधावर, बूड फुटलेलं. म्हणून वरूड-मोर्शीकडचा प्रत्येक बागवाला आपल्या प्लास्टिकच्या कॅरेटवर ऑइलपेंटनं काहीतरी खरडून ठेवतो. कोणी इंग्रजी आद्याक्षरं, कोणी मोबाइलचे शेवटचे चार आकडे, कोणी नुसतं 'जय गजानन'. यातली 'जय गजानन'ची कॅरेटं मंडीत इतकी, की कोणतं कोणाचं हे खुद्द महाराजांनी शेगावहून येऊन सांगितलं तरच कळायचं.

माझं आडनाव वानखडे. वऱ्हाडात भरबाजारी 'ओ वानखडे' अशी हाक मारून बघावी. निम्मा बाजार वळून पाहतो, आणि उरलेला निम्मा देशमुख असतो म्हणून वळत नाही. माझ्या कॅरेटवर 'वानखडे' असं ठळक लिहिलेलं होतं, आणि दर अंबिया बहाराला ती कॅरेटं अत्यंत प्रामाणिकपणे कुठल्या ना कुठल्या वानखड्यांच्या घरी पोचत होती.

मी शाळेत इतिहास शिकवायचो. निवृत्त इतिहास-शिक्षक आणि मोकळी दुपार यांचा योग घरच्यांना नेहमी महागात पडतो. त्या दुपारी मी मेक्सिकोत होतो. म्हणजे देह वरूडातच, पंख्याखाली. पण हातात एका जुन्या मेक्सिकन पोथीची चित्रं होती आणि मी त्यात बुडालो होतो.

ही पोथी 'कोडेक्स मेन्दोसा' म्हणून ओळखली जाते. आपण ज्यांना अ‍ॅझटेक म्हणतो, त्या नाहुआत्ल भाषा बोलणाऱ्या लोकांचं राज्य स्पॅनिशांनी घेतलं. त्यानंतर, १५४१च्या सुमारास, मेक्सिको शहरात तिथल्याच चित्रकार-लेखनिकांनी ती रंगवली. त्या लेखनिकाला 'त्लाक्विलो' म्हणत. ती निघाली होती स्पेनच्या राजाकडे, पण वाटेत फ्रेंच चाच्यांनी जहाज लुटलं. पोथी पोचली फ्रेंच राजाचा भूगोलज्ञ आंद्रे तेवे याच्याकडे. त्यानं तिच्यावर स्वतःचं नाव आणि १५५३ हे साल घालून टाकलं. म्हणजे दुसऱ्याच्या मालावर आपलं नाव टाकायची रीत केवळ आमच्या मंडीतली नव्हे, हे वाचून मला बरं वाटलं. पुढे ती इंग्रजांच्या हाती गेली आणि १६५९ पासून ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. कॅरेट एकदा त्या बाजूला गेलं की परत येत नाही, हा आमचाही अनुभव आहे.

मला खिळवून ठेवलं ते त्यातल्या नावांनी. राजा बसलेला, त्याच्या डोक्यामागून एक बारीक रेघ निघते आणि त्या रेघेच्या टोकाला त्याचं नाव असतं. नाव म्हणजे अक्षरं नाहीत, चित्र. चिमालपोपोका म्हणजे 'धुमसणारी ढाल', तर एक ढाल आणि तिच्यातून निघणारा धूर. इत्स्कोआत्ल म्हणजे साप, त्याच्या पाठीवर काळ्या ज्वालामुखी काचेची पाती. आकामापिच्त्ली म्हणजे मुठीत धरलेल्या बोरूंचा जुडगा. माणूस कोण, हे बघितल्याबरोबर समजावं. आधार नको, पॅन नको.

गावांचंही तसंच. गाव डोंगराचं असेल तर घंटेच्या आकाराची हिरवी टेकडी काढायची आणि तिच्यावर गावाची खूण ठेवायची. टेकडीवर नाकतोडा बसला की चापुल्तेपेक, साप बसला की कोआतेपेक. याच पोथीत खंडणीची पानं आहेत. कडेला गावांची चित्रं, आणि मधे त्या गावांनी किती माल द्यायचा तो: कापडाचे गठ्ठे, मिरच्या, कोकोच्या बिया, पिसं, मध. मी ताडकन उठून बसलो. हा तर मंडीचा हिशोब! कोणत्या गावचा कोणता माल, आणि एक अक्षर न लिहिता!

जिथे चित्र काढता येत नाही तिथे त्या त्लाक्विलोंनी केलेली करामत तर मला फारच पटली. त्यांच्या पुष्कळ गावांच्या नावाशेवटी '-त्लान' येतं. आपल्याकडे '-गाव', '-खेड' येतं, त्यातलाच प्रकार. आता स्थळदर्शक प्रत्ययाचं चित्र कसं काढणार? पण त्यांच्या भाषेत दाताला 'त्लान्त्ली' म्हणतात. झालं, गावाखाली दोन दात काढले की '-त्लान'. अर्थाशी दातांचा काडीचा संबंध नाही, नुसत्या उच्चारावर भागवलं. '-त्सिन्को' असा शेवट आला की माणसाचा कमरेखालचा भाग, मागच्या बाजूनं. कुआऊनावाक म्हणजे 'झाडांजवळ', म्हणून झाड काढलं. आणि 'नावा' हा उच्चार स्वच्छ बोलण्याच्या शब्दात येतो म्हणून त्या झाडाला तोंड देऊन त्यातून बोलण्याचा वळसा काढला. बोलणारं झाड! स्पॅनिशांना हे नाव काही उच्चारता येईना. त्यांनी त्याचं कुएर्नावाका करून टाकलं, म्हणजे 'गाईचं शिंग'. तिथे झाडही गेलं आणि बोलणंही.

एवढं कळल्यावर मी स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. आसपासची गावं एकामागून एक डोळ्यांसमोर येऊ लागली. पुसला: पाटी आणि ती पुसणारा फडका. वरूड: वर उडणारा पक्षी. मोर्शीसाठी मोर काढला आणि 'शी'वर अडलो. त्लाक्विलो अडला नसता, त्याचं '-त्सिन्को' आपण पाहिलंच. पण मी शिक्षकी पेशातला, मी मोर्शी सोडून दिली.

मग आडनाव. वान-खडे. वानर आणि खडे. या आडनावाचं खरं मूळ काय, ते भाषातज्ज्ञांनी बघावं. मला दातांवर भागवायचं होतं. आमचं मूळ गाव लोणी, म्हणजे टेकडीवर लोण्याचा गोळा. एका चित्रात नावही आलं आणि गावही. तालुक्यात लिहिता येणारे वानखडे पुष्कळ होते. काढता येणारा मी पहिलाच.

"कायले?" हे चित्र कॅरेटवर छापणार म्हटल्यावर एवढंच सौभाग्यवतींनी विचारलं.

मी म्हटलं, हे काही परकं खूळ नाही. आपल्याच गावगाड्यात हे चालत होतं. जुन्या मराठी कागदांवर, महजरांवर, गावातले सगळे साक्षीला बसत. लिहिता यायचं ते बहुधा कुलकर्ण्याला. बाकीचे आपापली निशाणी काढत. पाटील नांगर काढी, सुतार आपलं किंकरं, न्हावी आरसा, शेट्या तागडी. कागदाच्या तळाशी नुसती अवजारांची रांग.

"मंग तुम्ही बी नांगर काढा ना."

इथे मला थांबावं लागलं, कारण मुद्दा चांगला होता. नांगर पाहून पाटील कळतो, पण कोणता पाटील ते कळत नाही. या गावचा पाटील नांगर काढतो, त्या गावचाही नांगरच काढतो. बाप गेला, पोरगा आला, तरी नांगर तोच. नाव शेजारी कुलकर्णी लिहितो. म्हणजे आपल्या निशाणीनं सांगितलं ते माणसाचं काम, आणि खरं बोलायचं तर त्याची जात. माणसाचं नाव तिनं कधी सांगितलंच नाही. मेक्सिकोतल्या त्या रेघेच्या टोकाला मात्र तो एकटा माणूस असतो. पुढे १५६० साली उएशोत्सिन्को नावाच्या मुलखाची नोंदवही झाली, तिच्यात राजे-महाराजे नाहीत. साधी घरंदारं, शेतकरी माणसं, आणि त्यांच्या डोक्यांपाशीही प्रत्येकाचं वेगळं चित्र. शेतकऱ्याला स्वतःच्या नावाचं चित्र! हे मी थोड्या भावनेच्या भरात सांगितलं.

"आपल्याजवळ नांगर हाये कुठं," त्या म्हणाल्या, "ट्रॅक्टर हाये. तोही भाड्यानं." आणि भाकरी थापायला गेल्या.

वरूडातला पेंटर माझा जुना विद्यार्थी. दुकानांच्या पाट्या, ट्रकमागची शायरी, निवडणुकीत भिंतींवर कपबशी आणि शिट्टी, आणि पंचक्रोशीतल्या मारुतीच्या देवळांचं रंगकाम, हा त्याचा व्यवसाय. मी त्याला कागदावर काढून दाखवलं.

"सर, वांदर काढू म्हन्ता? संत्र्याच्या कॅरेटवर?"

"वांदर नाही, वानर. आणि खाली खडे."

"आन हा मानूस?"

"तो मी. डोक्यापासून वानरापर्यंत एक रेघ."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शाळेत असताना मी त्याच्याकडे असा बघायचो. मग त्यानं पत्र्याचा छापा कापायचं कबूल केलं. वांदराचे वेगळे, टेकडीचे वेगळे, चष्म्याचे जास्त.

छापा आला. कारागिरीत खोट नव्हती. फक्त त्याच्या हाताला आयुष्यभर एकाच वानराची सवय, त्यामुळे वानर छाती काढून, एक पाय पुढे टाकून, शेपटीचा आकडा डोक्यावर आणून उभं होतं. गदा तेवढी नव्हती, तिच्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "तुम्ही सांगतली नाई म्हून." रेघ बारीक कापली की पत्रा तुटतो, म्हणून ती त्यानं चांगली जाड ठेवली होती. दोराएवढी. लोण्याचा गोळा टेकडीवर नीट बसत नव्हता, म्हणून त्याला खाली थोडी बैठक दिली होती.

सौभाग्यवतींनी अंगणात सुकत घातलेली कॅरेटं बघितली. चष्मेवाला माणूस, त्याच्या मानेपासून निघालेला दोर, दोराच्या टोकाला वानर. "मदाऱ्याचं हाये," त्या म्हणाल्या, "पन कोनं कोनाले बांधलं ते सांगा."

आता इथे संत्रेवाल्यांबाहेरच्या वाचकांना एक सांगायला हवं. वरूडला 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणतात, पण कॅलिफोर्नियाला सातपुड्याची वानरं नाहीत. कोळशी पडते, डिंक्या लागतो, फळगळ होते, बांगलादेश आयातशुल्क वाढवतो. हे सगळं सोसून झाडावर जे उरतं ते वानरांचं. टोळी आली की एक फळ खातात आणि पाच चावून टाकतात. बागेत फटाके, गोफण, रात्रीची राखण, सगळं त्यांच्यासाठी. अशा मुलखात मी माझ्या मालावर जातीनं वानर छापलं होतं.

मंडीत पहिला वाचक भेटला तो बाहेरगावचा व्यापारी. तो ओळीनं माल बघत आला, माझ्या ढिगापाशी थांबला, चित्र बघितलं आणि एकही फळ न उचलता पुढे गेला. मी मागे धावलो. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "आप ईमानदार आदमी हो, लिख के दिया. पर बंदर का जूठा माल दिल्ली में नहीं चलता."

माल अडत्याकडे नेला. आमचे अडते जुने, गोड बोलणारे. काट्यावर पहिलं कॅरेट चढलं आणि त्यांची नजर त्यावर गेली. मी लगेच लोण्याकडे बोट दाखवलं, म्हटलं, हे बघा, हे लोणी आणि हे वानर. त्यांचा चेहरा बदलत गेला. काटा तसाच हलत राहिला.

"सर," ते म्हणाले, "अडत जास्त वाटत असन तं तोंडावर बोला. असं कॅरेटा-कॅरेटावर छापून कायले बदनामी करता?"

मला उमजायला थोडा वेळ लागला. तोवर आजूबाजूच्या शेतकऱ्यांना केव्हाच उमजलं होतं आणि ते हसत होते. दोन मांजरी, लोण्याचा गोळा, आणि तराजू घेऊन वाटणी करायला बसलेलं माकड: इकडून जास्त झालं म्हणून एक घास, तिकडून जास्त झालं म्हणून एक घास. ही गोष्ट दुसरीच्या वर्गापासून सगळ्यांना पाठ, आणि मी ती छापून नेमकी अडत्याच्या काट्यावर ठेवली होती.

"अहो, लोणी माझं गाव!"

"गाव तं ठीक हाये. वांदर कोन?"

"वांदर मी!"

एवढ्या मोठ्या यार्डात एकदम शांतता झाली. मी ती संधी साधून बोलायला लागलो. मी त्यांना दातांचं सांगितलं, नाकतोड्याचं सांगितलं, बोलणाऱ्या झाडाचं सांगितलं. मिशनऱ्यांनी लॅटिन प्रार्थना शिकवायला घेतल्या तेव्हा तिथल्या लोकांनी 'पातेर नोस्तेर' ध्यानात ठेवायला एक निशाण आणि एक निवडुंगाचं फळ काढलं, कारण निशाणाला 'पान्त्ली' आणि त्या फळाला 'नोच्त्ली' म्हणतात, हेही सांगितलं. जवळ आणायचं म्हणून हेही म्हटलं, की टमाटर हा शब्द त्यांच्याच 'तोमात्ल'वरून जगभर गेला. "आमी तं भेदरं म्हन्तो," मागून एक म्हातारा म्हणाला, आणि माझा तेवढाही आधार गेला.

बोलता बोलता मला दिसत होतं की गाडी कुठे रुतली आहे. चिमालपोपोकाचं नाव धुमसणाऱ्या ढालीत वाचणारा माणूस 'चिमालपोपोका' हे नाव आधीपासून जाणत होता, ती भाषा बोलत होता, तो राजा त्यानं ऐकलेला होता. चित्र त्याला फक्त आठवण करून द्यायचं. स्पॅनिशांना तीच पोथी द्यायची तर प्रत्येक चित्राशेजारी स्पॅनिशमध्ये लिहावं लागलं. त्या लिहिणाऱ्यानं शेवटी कुरकुर करून ठेवली आहे, की जहाजांचा ताफा निघायला दहा दिवस उरले असताना काम हातात आलं, म्हणून ते ओबडधोबड झालं. तिथेही शेवटी शेजारी बसून नाव लिहायला कुलकर्णी लागलाच. माझ्या कॅरेटवर तो नव्हता.

मग हमाल आले. त्यांनी छापा बघितला: छाती काढलेलं, शेपूट उभारलेलं वानर, शेजारी डोंगर. त्यांना कोणाला काही विचारावं लागलं नाही. द्रोणागिरी! एकानं चपला काढल्या. दुसऱ्यानं कॅरेट पायाशी ठेवायला नकार दिला. ट्रकमध्ये माझी कॅरेटं खाली आणि दुसऱ्याची वर असं रचणं कसं चालेल, यावर त्यांच्यात बोलणं झालं आणि माझी सगळी कॅरेटं थराच्या वर गेली. वरचा माल दबत नाही, हे संत्रेवाल्याला सांगायला नको. कॅरेटवर बूड टेकून बिडी ओढायची मंडीची जुनी पद्धत. त्या दिवशी माझ्या ढिगावर कोणी बसलं नाही. डोंगरावरची बैठक दिलेली गोल वस्तू पाहून तर त्यांची खात्रीच पटली की हा सालबर्डीचा महादेव आहे. तिथली भुयारातली पिंड आणि शिवरात्रीची यात्रा इकडे पोराटोरांना ठाऊक. मी लोणी लोणी म्हणत होतो, पण माझ्याकडे लक्ष द्यायला आता कोणी मोकळं नव्हतं. दोराच्या टोकाचा चष्मेवाला कोण, हे मात्र कोणाला लागलं नाही. भक्त असावा, असं ठरलं.

रिकामी कॅरेटं सगळीच्या सगळी परत आली. हे आमच्या घराण्यात कधी घडलेलं नव्हतं. मारुतीची कॅरेटं घरी ठेवून शनिवारी तेल घालायला कोण जाणार? एक तर हार घातलेलं परत आलं. ज्यांच्या दारात माझी जुनी, अक्षरांतल्या 'वानखडे' नावाची कॅरेटं पडून होती, त्या वानखड्यांनी मात्र ती आणून दिली नाहीत, हे इथे नमूद करायला हवं. नाव वाचता येत होतं ना.

हे सगळं बरं चाललेलं बघून यार्डातले काहीजण घरी यायला लागले. बोंड्यांसाठी कापसाची दोन बोंडं काढून दिली, काम झकास झालं. एका देशमुखांना नकाशा आणि तोंड हवं होतं. नकाशा भारताचा घ्यावा की नुसत्या वऱ्हाडाचा, यावर ते अजून विचार करताहेत. एक आंबटकर आले तेव्हा मात्र मी त्यांना चहा पाजला आणि इंग्रजी आद्याक्षरांची शिफारस केली. संत्र्याच्या धंद्यात प्रत्येक नावाचं चित्र काढू नये.

राहिला हिशोब. पट्टी घ्यायला अडत्याच्या पेढीवर गेलो. अडत्यांचा राग निवळला होता. हमालांचा कौल त्यांनीही मान्य केला होता, कारण मारुतीला माकड म्हणून पेढीवर कोण वाद घालणार. मुनीमजींनी पट्टी पुढे सरकवली. भरताना त्यांनी कॅरेटकडे बघून भरली होती. मालधन्याचं नाव: मारुती. गाव: सालबर्डी.

मी म्हटलं, मुनीमजी, हा मी नव्हे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे, मग दारातल्या कॅरेटकडे बघितलं. माल याच खुणेचा ना? याच खुणेचा. मग पैसेही याच नावचे. वानखडे, लोणी, या नावावर या हंगामात त्यांच्या वहीत एकही कॅरेट चढलेलं नव्हतं. सालबर्डीच्या मारुतीचं बँकेत खातं नाही आणि सातबाऱ्यावर माझं नाव आहे, हे मी सांगितलं. आधारकार्ड दाखवलं, मतदान ओळखपत्र दाखवलं, शेवटी छाप्यातल्या चष्मेवाल्याशेजारी तोंड नेऊन उभा राहिलो. हमालानं निरखून पाहिलं आणि म्हणाला, "चष्मा तोच हाये."

मुनीमजींनी मारुती खोडलं, सालबर्डी खोडली, वर बारीक अक्षरांत माझं नाव घातलं. मी खिशातून पेन काढलं आणि पट्टीवर वाकलो.

तेवढ्यात त्यांनी घाईघाईनं कागद मागे ओढला आणि शाईचा पॅड माझ्यापुढे ठेवला. हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८५८ साली बंगालात, जंगीपूरला, एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला, तिथून सहीऐवजी हात टेकवायची ही वाट सुरू झाली, आणि नांगर, आरसे, तागड्या कागदांवरून मागे पडत गेल्या. हे मी त्यांना सांगणार होतो.

"सर, सही राहू द्या," मुनीमजी म्हणाले. "अंगठा मारा. सहीत बी तुम्ही काहीतरी काढसान."